बाळ काचेत, आई बाहेर

“बाळ काचेत ठेवलंय.” कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात फोनवर एवढं ऐकलं, की पलीकडचा माणूस पुढं काही विचारत नाही. पेढ्यांचा विषय निघत नाही, बारशाची तारीख कुणी काढत नाही. काच म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, सरकारी कागदावरचा एसएनसीयू. पूर्वी तिथं खरोखर काचेची पेटी असायची. आता बहुतेक ठिकाणी वरून ऊब देणारा उघडा वॉर्मर असतो, तरी बोलण्यातली काच गेलेली नाही. बोलणाऱ्यांचं चुकतही नाही, कारण आई आणि बाळ यांच्यामधली काच अजून बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे.

हे पुस्तक त्या काचेबद्दल आहे. लवकर जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा आजारी बाळ दवाखान्यात असतानाच आईच्या उघड्या छातीशी कसं आणायचं आणि तिथंच त्याला अंगावरच्या दुधाची गोडी कशी लावायची, हा त्याचा विषय. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बाळांच्या वॉर्डात ड्युटी करणाऱ्या सिस्टरांनी ते लिहिलं आहे. त्यांतल्या काहींना मी शिकवलं, म्हणून प्रस्तावनेचं काम माझ्याकडं आलं. शिकवताना जे सांगितलं नव्हतं, ते आधी सांगून टाकते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नवी स्टाफ नर्स होते. वॉर्डाचा नियम असा, की आईनं दिवसातून दोनदा खिडकीतून बाळ पाहायचं. जत तालुक्यातल्या एका गावची बाई होती, सिझर झालेली. तिसऱ्या दिवशी टाके धरत, भिंतीला हात लावत ती खिडकीपाशी आली. पदराखाली चोळी भिजली होती. म्हणाली, “बाई, माझं दूध वाया चाललंय. घ्या की त्याला.” मी म्हणाले, “त्याला डब्याचं चालू आहे. तुम्ही आराम करा.” मी नियमाप्रमाणे वागले होते आणि रजिस्टरात कुठं खोट निघाली नसती. आठवडाभरात तिचा पान्हा आटला. बाळ जगलं, पण घरी गेलं ते बाटली घेऊन. त्या काळी उन्हाळ्यात जतकडं टँकरचं पाणी यायचं. ती बाटली कुठल्या पाण्यानं धुतली गेली असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळ वर्षांनी आला.

मी हे सगळं करत होते त्याच्या दहा वर्षं आधी, १९७८ साली, कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या प्रसूती रुग्णालयात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी वेगळी वाट धरली होती. तिथं पेट्या अपुऱ्या होत्या. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई, आणि दूर राहिलेल्या आया बाळ तिथंच सोडून निघून जात. रे यांनी बाळाला आईच्या दोन स्तनांच्या मधे, उघड्या कातडीला कातडी लावून उभं बांधलं. पुढच्याच वर्षी डॉ. हेक्टर मार्तिनेझ त्यांना येऊन मिळाले. कांगारूची मादी अपुऱ्या दिवसांचं पिल्लू पिशवीत वाढवते, तिथंच ते पितं, म्हणून पद्धतीला कांगारूचं नाव पडलं. आमच्या मुलखात कांगारू कुणी पाहिलेला नाही. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर पोटाशी पिल्लू घेऊन बसलेली वानरीण मात्र लहान पोरसुद्धा ओळखतं, आणि लेखिकांनी तिचंच नाव वापरलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. एवढा फरक खरा, की वानराचं पिल्लू आपल्या हातांनी धरून राहतं, दीड किलोच्या बाळाला ती ताकद नसते. त्याला कापडानं बांधावंच लागतं.

बोगोटाच्या त्या कल्पनेला तीन पाय होते: कातडीचा स्पर्श, आईचं दूध, आणि बाळ सावरलं की लवकर घरी सोडून वारंवार तपासणीला बोलावणं. जग फिरून ती कल्पना आपल्यापर्यंत आली तोवर पहिलाच पाय लोकांच्या लक्षात राहिला. “केएमसी किती तास दिली?” हे राउंडला विचारलं जातं; केएमसी म्हणजे कांगारू मदर केअर. त्या तासांत बाळानं तोंड उघडलं का, स्तनाकडं मान वळवली का, आईला पान्हा फुटल्यासारखं वाटलं का, हे विचारणारं माणूस मी क्वचित पाहिलं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तिकेच्या नावातच कांगारू मदर केअर आणि कमी वजनाच्या बाळाचं पोषण या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. वॉर्डात आल्या की त्या दोन वेगळ्या रकान्यांत जाऊन बसतात. हे पुस्तक ते दोन रकाने एक करू पाहतं, आणि माझ्या मते तीच त्याची खरी कामगिरी.

या शास्त्राचा इतिहास म्हणजे आईला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, यावरचं दीडशे वर्षांचं भांडण आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये तार्निए यांनी बाळांसाठी उबदार पेटी आणली. त्यांच्यानंतर आलेल्या बुदँ यांनी आयांना बाळाजवळ ठेवण्याचा आणि अंगावर पाजण्याचा आग्रह धरला, कारण दूर ठेवलेल्या आईचं बाळातलं मन उडतं हे त्यांनी पाहिलं होतं. पण जगभर पसरली ती पेटी, आग्रह मागं राहिला. अमेरिकेत तर मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी अशी बाळं जत्रेत तिकीट लावून दाखवली, चाळीस वर्षं. बाळं त्यांनी वाचवली हेही खरं. पुढं जंतूंची भीती वाढली आणि मोठमोठ्या रुग्णालयांनी आईलाच जंतूंचं घर ठरवलं. माझ्या वॉर्डातली ती खिडकी तिथून आलेली.

उलट बाजूनं विचार करणारे थोडे होते, पण चिवट. एस्टोनियात तालिन इथं १९७९ पासून डॉ. आदिक लेविन यांनी आजारी बाळांच्या आयांना चोवीस तास वॉर्डात राहायला घेतलं. कारण साधं होतं, नर्सेस कमी होत्या. स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की जन्मल्याबरोबर आईच्या पोटावर ठेवलेलं पूर्ण दिवसांचं बाळ आपण होऊन सरकत स्तनापर्यंत जातं आणि तोंड लावतं. रिगार्ड आणि अलादे यांचा १९९० सालचा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या मुंबईत स्तनपान चळवळीतल्या डॉक्टरांनी युनिसेफबरोबर २००७ मध्ये याच गोष्टीची चित्रफीत काढली. मी ती वर्गात दाखवायचे तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मोबाइल खाली ठेवायच्या. डॉ. निल्स बर्गमन यांनी झिंबाब्वेच्या एका मिशन दवाखान्यात आणि नंतर केपटाऊनमध्ये त्याच्याही पुढचं मांडलं: आईची छाती हे बाळाचं नैसर्गिक ठिकाण आहे, तिथून त्याला हलवायचं असेल तर कारण हलवणाऱ्यानं द्यावं. हा विचार मला पटतो. तो शब्दशः पाळणं सगळीकडं जमत नाही, हेही मला माहीत आहे.

महाराष्ट्रानं या विषयाला जे दिलं त्याची दखल आपणच कमी घेतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. स्तनपानासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संघटना १९९१ मध्ये वर्ध्यात जन्मली, आणि दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींना लगाम घालणारा कायदा १९९२ साली आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यातून बाळमृत्यू किती घटले ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात त्याचं मूळ तिथं आहे. परळच्या केईएम रुग्णालयातला २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर लेखिकांनी भिंतीवर लावावा असा आहे. कमी वजनाच्या २०६ बाळांपैकी ज्यांना केएमसी मिळाली त्यांचं वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅमनं वाढलं, इतरांचं साधारण साडेपंधरा ग्रॅमनं. केएमसीच्या गटातली जवळजवळ सगळी बाळं निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. पद्धत एक आणि फायदे दोन, हे तिथंच दिसलं होतं.

तरीही परवापर्यंत आम्ही शिकवत होतो, की बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग केएमसी. २०२१ साली ही अट मोडीत निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत केलेला अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातलं भारताचं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासची ३२११ बाळं होती. जन्मल्यापासूनच आईजवळ ठेवलेल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. त्यासाठी तिथं नवं औषध आलं नव्हतं. आईची खाट अतिदक्षता कक्षाच्या आत आली होती. पुढच्याच वर्षी संघटनेनं शिफारस बदलली: कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासून, दिवसातले ८ ते २४ तास. हरियाणातल्या गावांमध्ये घरी सुरू केलेल्या केएमसीनंही बाळं जास्त वाचतात, हे त्याआधी २०१९ साली सिद्ध झालं होतं.

आता स्पर्श आणि दूध यांची गाठ कुठं आहे, ते सांगते. आईचं दूध बनणं आणि दूध सुटणं ही दोन वेगळी कामं आहेत. बनण्यासाठी स्तन वरचेवर रिकामा व्हावा लागतो, दिवसातून आठ-दहा वेळा तरी आणि रात्रीसुद्धा. सुटण्यासाठी आईचं मन सैल असावं लागतं. बाळ दुसऱ्या मजल्यावर, आई तळमजल्यावर, नवरा औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत, अशा वेळी वाटीत चार थेंब पडत नाहीत आणि बाई म्हणते, “मला दूधच नाही.” तीच बाई बाळ छातीशी घेऊन तासभर बसली की चोळी भिजते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की मला त्यात नवल वाटायचं बंद झालं होतं. एका रात्रीनं ते परत वाटायला लावलं.

चौदाशे ग्रॅमचं बाळ होतं, अकरावा दिवस. तोंडातून नळी. तीन तासांनी एकदा सिरिंज वर धरून नळीतून दूध सोडायचं, तेही आईनंच हातानं पिळून काढलेलं. त्या रात्री आईनं बाळाला टोपरं, मोजे आणि लंगोट एवढ्यावर छातीशी घेतलं, मी वरून सुती साडीची घडी आवळून बांधली. मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, पाय बेडकासारखे. अर्ध्या तासानं ते चुळबुळलं. ओठ पुढं काढले, जीभ बाहेर आली, डोकं थरथरत खाली घसरू लागलं. आई घाबरून म्हणाली, “सिस्टर, काय करतंय हे?” मी म्हटलं, “शोधतंय. शोधू दे.” दूध आधीच काढून झालेलं होतं, म्हणजे ठसका लागायची भीती कमी. त्यानं तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि झोपलं. पोटात काही गेलं नसेल. मी नळीतून दूध सोडलं तेव्हा त्याचे ओठ स्तनावरच होते. सकाळी त्या बाईनं काढलेलं दूध आदल्या दिवसाच्या दुप्पट भरलं.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यात बसतो. त्याआधी नळी, मग वाटी-चमचा किंवा पलाडाई, मग स्तन, हा क्रम वॉर्डात पाळतात. पलाडाई म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. दक्षिणेतून ती देशभर गेली, आणि आमच्याकडं प्रत्येक आजीच्या फडताळात तिची सख्खी बहीण होती: बोंडलं. परदेशातून आल्यासारखं आम्ही ते परत शिकलो, याची मला गंमत वाटते. लेखिका मात्र बजावतात, आणि बरोबर बजावतात, की नळीवर असलेल्या बाळालाही रिकाम्या स्तनाशी रोज नेऊन सोडा. पिण्याचा सराव पिण्याआधीच सुरू होतो.

या दोन जिल्ह्यांची म्हणून काही दुखणी आहेत आणि पुस्तकानं ती टाळलेली नाहीत. पहिलं अंतराचं. जत, आटपाडीहून सांगली-मिरज, माण-खटावहून किंवा पाटणच्या आतल्या खोऱ्यातून सातारा-कराड; बाळ रुग्णवाहिकेत पुढं आणि आई जिथं बाळंत झाली तिथंच मागं, असं फार होतं. पहिले तीन-चार दिवस असेच जातात आणि दुधाच्या दृष्टीनं तेच सर्वांत मोलाचे असतात. दुसरं, चीक. गाय व्यायली की चिकाचा खरवस शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटणारी आम्ही माणसं आईचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायला सांगतो आणि बाळाला मध चाटवतो. काचेतल्या बाळाला त्या चिकाचे थेंब गालाच्या आत लावले तरी मोलाचे आहेत. तिसरं, ऊस. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडातच दिवस भरतात, कधी भरायच्या आधीच कळा येतात. त्या बाईला दवाखान्यात महिनाभर कोण बसू देणार? चौथ्याबद्दल बोलायला मला जड जातं. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. नाव बदललं, पण तिसरी मुलगी काचेत असताना सासरचं माणूस वॉर्डाकडं फिरकलं नाही, हे मी त्यानंतरही पाहिलं. अशा आईचा पान्हा हा नुसता हार्मोनचा प्रश्न नसतो.

मग आत्ताच हे पुस्तक का? महाराष्ट्रात ९४ टक्क्यांवर बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं निम्म्याच्याच आसपास आहेत. म्हणजे बाई आपल्या दारात आली आणि तरी पहिला तास आपण गमावला. राज्यातला नवजात मृत्युदर २०२० साली हजारी ११ पर्यंत उतरला, ही मोठीच कमाई. आता जी दगावतात त्यांत फार लहान, फार लवकर आलेली बाळं पुष्कळ. त्यांना यंत्रं लागतातच, पण नुसती यंत्रं पुरत नाहीत. आणि यंत्राला वीज लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, अर्धी सांगली पाण्याखाली होती, तेव्हा जागतिक स्तनपान सप्ताह नुकताच संपला होता. छातीची ऊब जनरेटरवर चालत नाही, हे त्या आठवड्यानंतर मला वर्गात वेगळं सांगावं लागलं नाही.

पुस्तकाशी माझं एका ठिकाणी जमत नाही. दूध येत नाही असं म्हणणाऱ्या आईला लेखिका जरा जास्तच धीर देतात. काही आयांना खरोखर कमी येतं, काहींची तब्येत किंवा औषधं आड येतात, काही बाळांना डॉक्टरच्या सल्ल्यानं पेढीचं किंवा वरचं दूध द्यावंच लागतं. त्या बाईला “प्रयत्न करा, येईल” असं पुन्हा पुन्हा म्हणणं हाही एक प्रकारचा मार आहे. तिनंही बाळ छातीशी धरावं, पण दुधासाठी नव्हे, बाळासाठी. लेखिकांशी यावर माझा वाद झाला. त्यांनी मजकूर थोडा बदलला, पुरता नाही.

बाकी पुस्तक हाताशी ठेवावं असं आहे. ते डॉक्टरांसाठी नाही. नवी सिस्टर, आशाताई, वॉर्डातल्या मावशी, आणि वाचता येणारी सासू किंवा बाप यांच्यासाठी आहे. बापानंही शर्ट काढून बाळ छातीशी धरावं, आई तेवढ्या वेळात दूध काढील आणि झोपेल, असं ते सरळ सांगतं. भाषा वॉर्डातली आहे. ‘दुग्धस्रवण’ सापडणार नाही, ‘पान्हा’ सापडेल.

शेवटी वाचकाला एक विनंती. तुमच्या लेकीचं, सुनेचं बाळ काचेत गेलं तर “वजन किती?” हे सगळेच विचारतात. त्याच दिवशी सिस्टरला आणखी दोन गोष्टी विचारा: आईनं बाळ छातीशी कधीपासून धरायचं, आणि दूध काढायला तिनं कुठं बसायचं. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि बाळंतिणीला घरी न्यायची घाई करू नका. बाळ तिथं आहे तोवर तिची खाट तिथंच हवी.